वाढत्या शहराची स्वच्छता: घंटागाडीच्या आधी शेवटचा मुक्काम ठरवा

खानदेशातल्या एका झपाट्याने वाढणाऱ्या शहराच्या कडेला, नव्या कॉलनीत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या म्हणतात, "काही वर्षांपूर्वी इथे कपाशीचं शेत होतं, आता सगळीकडे घरं आहेत. घंटागाडी येते, पण ओला-सुका कचरा एकत्रच जातो. भुयारी गटार नाही, सेप्टिक टँक भरून वाहतात, मागच्या नाल्याचा वास घरात येतो, मोकळ्या प्लॉटवर कचरा पडतो. शहर तर वाढतच जाणार. हे कायमचं सावरायचं तर सुरुवात कुठून करायची? आणि आम्ही कॉलनीवाल्यांनी काय करायचं?"

ताई, मी सार्वजनिक आरोग्य अभियंता आहे. नोकरीची बहुतेक वर्षं खानदेशातल्या नगरपालिकांच्या पाणी, गटार आणि घनकचऱ्याच्या कामात गेली. त्यावरून सांगतो: सुरुवात शेवटाकडून करा. घाण घरात तयार होते, कुणीतरी ती उचलतं, कुणीतरी वाहून नेतं आणि कुठेतरी तिचा निकाल लागतो. पैसा, उद्घाटनं आणि फोटो पहिल्या तीन टप्प्यांच्या वाट्याला येतात. चौथा टप्पा गावाबाहेर, कुणी जात नाही अशा सर्व्हे नंबरवर असतो, म्हणून तो नेहमी "पुढच्या वर्षी" होतो. तो नसेल तर मागचे तिन्ही हळूहळू कोसळतात. कचरा, मैला, सांडपाणी, नाल्यातला गाळ, चारही बाबतींत मी हेच पाहत आलो आहे.

ओल्या-सुक्याचंच बघा. लोक वर्गीकरण करत नाहीत, अशी तक्रार प्रत्येक सभेत होते. तापीकाठच्या एका गावात मी सकाळी घंटागाडीबरोबर फिरत होतो. एका आजींनी दोन डबे आणून समोर ठेवले आणि सरळ सुनावलं, "आम्ही घरमा येगया येगया ठेवतस, तुम्ही गाडीमा एक करी टाकतस!" आजींचं शंभर टक्के खरं होतं. पण ड्रायव्हरचंही ऐका. गाडीत मध्ये एक पत्रा असतो, एका बाजूला ओला, दुसऱ्या बाजूला सुका. प्लास्टिक, पुठ्ठा, थर्माकोल वजनाला हलके पण जागा फार खातात, त्यामुळे सुक्याचा कप्पा अर्ध्या फेरीतच भरतो. कचरा डेपो गावापासून लांब. तेवढ्यासाठी तिथे जाऊन परत यायचं तर डिझेल जातं, वेळ जातो, आणि उरलेल्या गल्ल्या राहिल्या म्हणून मुकादम ओरडतो. मग तो उरलेला सुका ओल्यावर टाकतो. शिवाय डेपोवर दोन वेगळ्या जागाच नाहीत हे त्याला माहीत असतं. सगळं एकाच ढिगावर रिकामं करायचं आहे, तर पत्र्याचा मान कोण राखणार?

म्हणून लोकांना उपदेश करण्याआधी दोन गोष्टी उभ्या राहिल्या पाहिजेत. पहिली, प्रत्येक दोन-तीन प्रभागांमागे सुक्या कचऱ्याची एक शेड. तिथे वजनकाटा, वर्गवारीचं टेबल आणि गठ्ठे बांधायचं यंत्र हवं. दुसरी, सुक्यासाठी आठवड्यातून दोन ठरलेले दिवस आणि वेगळी मोठी गाडी. सुका कचरा घरात तीन दिवस राहिला तरी कुजत नाही. ओला मात्र रोज उचलायलाच हवा. आपल्या उन्हाळ्यात त्याला दुसऱ्या दिवशी अळ्या पडतात. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून तिसऱ्या डब्यात, आणि ट्यूबलाइट, बॅटऱ्या, उरलेली औषधं वेगळी. २०१६ च्या घनकचरा नियमांतच ओला, सुका आणि घरगुती घातक असं वर्गीकरण सांगितलेलं होतं. मोठी हॉटेलं, मंगल कार्यालयं, बाजार समित्या यांची जबाबदारीही त्यात ठरवून दिलेली होती. मंगल कार्यालयांकडे तर लग्नसराईत खास लक्ष द्यावं लागतं. एका पंगतीचं उष्टं आणि पत्रावळ्या अख्ख्या गल्लीच्या कचऱ्यापेक्षा जास्त भरतात.

सुक्याला खानदेशात गिऱ्हाईक आहे, ही आपली जमेची बाजू. जळगावच्या एमआयडीसीत चटईचे आणि पाइपचे कारखाने आहेत, आणि जुन्या प्लास्टिकचा दाणा करणारेही या धंद्याच्या आसपासच असतात. भंगारवाले आणि कचरा वेचणाऱ्या बाया हीच या साखळीची पहिली कडी. त्यांना हाकलून ठेकेदार आणला की शहराचं नुकसान होतं, कारण कोणता प्लास्टिक कुठे खपतो हे त्यांच्या बोटांना कळतं. शेडमध्ये त्यांनाच ओळखपत्र, हातमोजे आणि ठरलेला दर देऊन बसवा. चिप्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं आणि मळलेल्या पिशव्या कुणीच घेत नाही. त्या सुकवून, दाबून सिमेंटच्या भट्टीला इंधन म्हणून पाठवाव्या लागतात, आणि त्याच्या वाहतुकीचा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरावा लागतो.

ठेक्याच्या एका कलमाकडे नगरसेवकांनी आणि जागरूक नागरिकांनी जरूर लक्ष द्यावं. ठेकेदाराला टनामागे पैसे मिळत असतील, तर कचरा कमी व्हावा असं त्याला कधीच वाटणार नाही. गाडीत माती, बांधकामाचा राडारोडा, पावसात भिजलेला पाला भरून वजन वाढवलं जातं. वर्गीकरण केलं तर वजन घटतं, म्हणजे त्याचं बिल घटतं. पैसे किती घरांपर्यंत गाडी पोचली आणि किती माल वेगळा होऊन आला यावर द्यावेत, आणि वजनकाट्याची पावती लोकांना बघता यावी.

आता ओला. आपल्याकडच्या शहरांत कचऱ्याचा साधारण निम्मा भाग ओला असतो. माणशी रोज ४०० ग्रॅम कचरा धरला तर पाच लाख वस्तीच्या शहरात २०० टन होतो, त्यात १०० टन ओला. त्याचं खत करणं अवघड नाही, पण पुस्तकातली पद्धत जशीच्या तशी इथे चालत नाही. ढिगात ओलावा ५० ते ६० टक्के आणि आतलं तापमान ५५ ते ६५ अंश लागतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, वरून कोरडा वारा; ढीग दोन दिवसांत वरून वाळून खडखडीत होतो आणि जंतू काम थांबवतात. तेव्हा ढिगावर जुनं गोणपाट किंवा तयार खताचा थर घालून, पाणी मारत राहावं लागतं. पावसाळ्यात उलट: पाणी आत शिरलं की हवा कोंडते, काळं घाणपाणी वाहतं आणि वास सुटतो. म्हणून छप्पर आणि घाणपाणी साठवायचा पक्का हौद हवाच.

दुसरी अडचण खास आपली. भाजीबाजाराचा माल आणि केळीचा कचरा अतिशय पाणीदार असतो. रावेर-सावद्याकडे नासलेल्या घडांचे आणि खांबांचे ढीग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. असा माल एकटा रचला तर त्याचा चिखल होतो. खताला नत्राच्या (नायट्रोजनच्या) २५ ते ३० पट कर्ब (कार्बन) लागतो, म्हणजे काहीतरी कोरडं, लाकडासारखं मिसळावं लागतं. आणि कोरडं लाकूड आपल्या शिवारात फुकट पडलेलं असतं: कपाशी संपली की उरणारी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. शेतकरी ती उपटून बांधावर पेटवतात. पालिकेने तालुक्यात दोन-तीन ठिकाणी भरडायचं यंत्र नेऊन पऱ्हाटीचा भुगा घेतला, तर ओल्या कचऱ्याला हवं ते मिळतं, धूर कमी होतो आणि उभ्या पऱ्हाटीत दडून बसणाऱ्या बोंडअळीचाही बंदोबस्त होतो. शेतकऱ्याला बदल्यात खत द्यावं. राज्याचा "हरित महासिटी कंपोस्ट" हा ब्रँड याच शहरी खतासाठी आहे. मात्र खतात काच, सुया, प्लास्टिकचे तुकडे आढळले तर केळीवाला एकदा घेईल आणि पुन्हा कधीच घेणार नाही. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. खताची विक्री सरतेशेवटी आजींच्या दोन डब्यांवर अवलंबून राहते, ती अशी.

जुन्या डेपोबद्दल थोडक्यात. वर्षानुवर्षांचा ढीग जेसीबीने मोकळा करून, लांब रांगा घालून, जंतूंचं द्रावण फवारून काही आठवडे उलटापालट करतात आणि मग मोठ्या फिरत्या चाळणीतून काढतात. मातीसारखा बारीक भाग, इंधनाजोगं प्लास्टिक, दगड, धातू वेगळे निघतात. जागा खरोखर मोकळी होते. अट एकच: त्याच जागेवर रोजचा नवा कचरा पडता कामा नये. एका बाजूने ढीग उपसायचा आणि दुसऱ्या बाजूने रचायचा, असं चालू राहिलं तर बिलं निघत राहतात आणि डोंगर तेवढाच राहतो. बारीक मातीत जड धातू किती आहेत हे तपासल्याशिवाय ती शेतात टाकू नये. रस्त्याच्या भरावाला चालते. उन्हाळ्यात डेपो पेटतो तो बहुतेक वेळा आत साठलेल्या मिथेन या पेट घेणाऱ्या वायूमुळे. बंबाने वरून पाणी मारून तो विझल्यासारखा वाटतो, पण आत धुमसत राहतो.

तुमच्या कॉलनीला सगळ्यात जवळचा प्रश्न सेप्टिक टँकचा आहे, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. संडास बांधला की प्रश्न संपला असं आपण मानतो. टाकीत मैला खाली बसतो, थोडा कुजतो, वरचं पाणी बाहेर पडतं. ते पाणी दिसायला पातळ असलं तरी त्यात रोगजंतू आणि जंतांची अंडी भरपूर असतात. ते शोषखड्ड्यात जिरावं अशी अपेक्षा असते. पण आपल्या तापी खोऱ्यातली काळी, चिकण माती पाणी जिरवत नाही. पावसाळ्यात फुगते, तेव्हा खड्डा तुंबून पाणी अंगणात येतं. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेव्हा तेच पाणी भेगांतून थेट खाली, शेजारच्या बोअरकडे उतरतं. काही ठिकाणी गवंडी टाकीला तळच घालत नाहीत, "म्हणजे कधी उपसावी लागत नाही" म्हणून. घरमालक खूश होतो आणि अख्ख्या गल्लीचं भूजल बिघडतं.

टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसली पाहिजे. आपण ती तुंबल्यावरच उपसतो, तोवर मैला वाहून शोषखड्डा कायमचा बुजलेला असतो. एक साधा हिशेब करू. शहरात ५०,००० टाक्या आहेत आणि प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा उपसायची. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले तर रोज साधारण ५५ टाक्या होतात. एक टँकर दिवसाला चार खेपा करतो, म्हणजे १४ टँकर लागतील. एका टाकीतून ४,००० लिटर निघालं तर रोज सव्वादोन लाख लिटर मैला. आता तुमच्या शहरात पालिकेचे टँकर किती आहेत ते विचारा, आणि खाजगी टँकर कुठे रिकामे होतात तेही विचारा. रात्री नाल्यात, पडीक शेतात, नदीच्या पात्रात. टँकरवाल्याला दोष देण्यापूर्वी एवढं पाहा, की त्याला रिकामं करायला कायदेशीर जागा दिली आहे का.

ही जागा, म्हणजे मैलागाळ प्रक्रिया केंद्र, आपल्या हवामानात स्वस्तात चालतं. वाळूचे वाफे करून त्यावर गाळ पसरायचा. पाणी खाली झिरपून शुद्धीकरणाला जातं आणि वरचा गाळ उन्हात वाळतो. कोकणात ज्याला अनेक आठवडे लागतील ते खानदेशच्या उन्हात फार लवकर होतं. पावसाळ्यासाठी वर पारदर्शक पत्रा टाकायचा. वाळलेला गाळ ओल्या कचऱ्याच्या खतात मिसळून सलग काही दिवस ५५ अंशांच्या वर तापू दिला की जंतांची अंडी मरतात. महाराष्ट्रात वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी रहिवाशाच्या फोनची वाट न पाहता तीन वर्षांच्या पाळीने टाक्या उपसायची पद्धत बसवली आहे. खर्च कराच्या रूपाने सगळ्यांत वाटला जातो, त्यामुळे गरिबाला एकदम मोठी रक्कम काढावी लागत नाही. खानदेशातल्या नगरपालिकांनी आपला माणूस पाठवून ते पाहून यावं.

इथे एक गोष्ट मी आवाज चढवून सांगतो. टाकीत किंवा चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. कुठल्याही कारणाने नाही. २०१३ च्या कायद्याने त्याला बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई ठरवली आहे. आतल्या विषारी वायूने माणूस काही क्षणांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. टँकर मिळत नाही म्हणून पाचशे रुपये देऊन कुणाला उतरवणारा घरमालक गुन्हा करत असतो, हे कॉलनीच्या बैठकीत स्पष्ट सांगा.

भुयारी गटार येईल तेव्हा येईल. माणशी १३५ लिटर पाण्याचा पुरवठा धरला आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं मानलं, तर पाच लाखांच्या शहराचं रोज पाच कोटी चाळीस लाख लिटर सांडपाणी होतं. आज त्यातलं बरंचसं नाल्यांतून पांझरा, गिरणा, तापीकडे जातं. ज्या मुलखात पाण्यासाठी धरणाकडे डोळे लागलेले असतात, तिथे एवढं पाणी वाया घालवणं परवडत नाही. त्याचं गिऱ्हाईकही जवळ आहे: २०१६ च्या वीजदर धोरणानुसार औष्णिक केंद्रांनी ५० किलोमीटरच्या आतल्या पालिकेचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरायचं आहे, आणि भुसावळजवळचं दीपनगर केंद्र जळगाव-भुसावळ दोघांनाही त्या अंतरात पडतं. गिऱ्हाईक आधी बांधून मग प्रकल्प उभारला तर त्याच्या विजेचं बिल भरायला पैसा राहतो. नाहीतर पंप बंद, टाक्यांत शेवाळ, हे चित्र राज्यात जागोजागी दिसतं.

नाल्यांचं म्हणाल तर मे महिन्यात पोकलेन लावून गाळ काढतात आणि काठावरच ठेवतात. पहिल्या जोराच्या पावसात तो पुन्हा नाल्यात. गाळ ४८ तासांत उचलून कुठे टाकायचा ती जागा निविदेतच लिहायला हवी. आणि नाल्याची रुंदी ही त्याची मालमत्ता आहे. चाळीसगावला ऑगस्ट २०२१ मध्ये तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा काठाची जागा खाल्ल्याची किंमत सगळ्यांनी पाहिली. नवा ले-आऊट मंजूर करताना नाला पाइपात घालून वर प्लॉट पाडू देऊ नयेत. तुमच्या कॉलनीमागच्या नाल्याचा मूळ नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, तो काढून ठेवा. पुढे कामी येईल.

पाणी काही दिवसांआड येतं त्याचाही स्वच्छतेशी थेट संबंध आहे. नळ बंद असताना पाइपात पोकळी होते आणि गळक्या जोडातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं ते वापरू नका, आणि नळाचा पाइप गटारातून ओलांडत असेल तर तो आधी वर घ्या. साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, हौद, कूलर घासून कोरडे करा. कूलर तर खानदेशात घरोघरी असतो आणि जूनमध्ये बंद करताना त्यात पाणी तसंच राहतं.

सफाई कामगारांच्या वेळा उन्हाळ्यात बदलल्याच पाहिजेत. पहाटे पाचला काम सुरू, दहा-साडेदहाला गल्लीतलं काम बंद, हजेरी शेडवर सावली, पिण्याचं पाणी आणि हात-पाय धुवायला मोरी. धनुर्वाताचं आणि काविळीचं इंजेक्शन. ठेक्यावरच्या माणसालाही हे सगळं मिळालं पाहिजे. एवढं न करता "स्वच्छता दूत" म्हणून सत्कार करणं मला पटत नाही.

तुमची कॉलनी आधी ग्रामपंचायतीत होती की पालिकेत, हेही बघा. धुळ्यासारखी हद्दवाढ झाली की गावं शहरात येतात, घरपट्टी लागू होते, पण गाड्या आणि कामगार जुन्याच हद्दीचे राहतात. त्यामुळे अर्ज करताना "कचरा उचलत नाहीत" एवढंच न लिहिता किती घरं, किती मालमत्ता कर भरला, गाडी कोणत्या वारी येते आणि येत नाही, असा महिन्याचा तक्ता जोडा. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतं, म्हणून तो अर्ज डिसेंबरपर्यंत जाऊ द्या.

आणि कॉलनीत आजच करण्यासारखं. मोकळ्या प्लॉटच्या मालकांची यादी काढा आणि कुंपण, झुडपं काढणं, सफाई यासाठी पालिकेमार्फत त्यांना नोटिसा पाठवा. बहुतेक मालक त्याच शहरात राहतात. ओपन स्पेसच्या कोपऱ्यात दोन खड्ड्यांचं छोटं कंपोस्ट करा, पाला आणि भाज्यांचे देठ तिथेच संपतील. प्रत्येक घराच्या टाकीची माहिती एका वहीत लिहा: कधी बांधली, तळ आहे का, शेवटची कधी उपसली. टाकी किती भरली हे समजायला यंत्र लागत नाही. लांब काठीच्या खालच्या भागाला पांढरं जुनं फडकं गुंडाळा, झाकणातून हळूच तळापर्यंत सोडा, दोन-चार मिनिटं ठेवून सरळ वर काढा. झाकण उघडल्यावर तोंड बाजूला ठेवा, जवळपास विडी-काडी पेटवू नका, मुलांना लांब ठेवा आणि काम झालं की झाकण लगेच बंद करा. काळा गाळ फडक्यावर टाकीच्या खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत चढलेला दिसला तर टँकर बोलवायची वेळ झाली. हे काम रोहिणी नक्षत्राच्या आधी, पावसाळा लागण्यापूर्वी उरका आणि दहा-बारा घरांनी मिळून टँकर बोलवा. खेप स्वस्त पडते, आणि गाळ कुठे रिकामा करणार हे टँकरवाल्याकडून पावतीवर लिहून घेता येतं.